ब्लॅक कुटुंबांनी आपल्याच वस्तीत घर का नाही घेतलं? टायटल तपासणाऱ्या बाईचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिकागोत नवीन आलोय, घर बघतोय, एजंटही सांगतो आणि ऑफिसातले आपले लोकही सांगतात की साउथ साइड, वेस्ट साइडकडे, म्हणजे जिथे ब्लॅक वस्ती बरीच आहे तिकडे, बघूच नका, तिथले लोक घरं नीट ठेवत नाहीत. त्यात कुठेतरी वाचलं की एका ब्लॅक कुटुंबाला साधं घर घेण्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. मग गोऱ्यांच्या वस्तीत जायचा एवढा हट्ट कशाला, आपल्या वस्तीत का नाही घेतलं? आणि आपण दोन बॅगा घेऊन येतो, आठ-दहा वर्षांत घर करतो, त्यांना इतक्या पिढ्यांत का नाही जमलं?

तुम्ही मोकळेपणी विचारलंत हे बरं केलंत, कारण हेच वाक्य मी इथे आपल्या लोकांच्या जेवणांमध्ये खूप वेळा ऐकलंय आणि दर वेळी नीट उत्तर द्यायला वेळ मिळत नाही. मी पुण्यात एका वकिलांकडे सर्च रिपोर्टचं काम करायचे, म्हणजे जुने दस्त काढायचे, कोणी कोणाला विकलं, कुठे बोजा आहे, कुठला वारस सुटलाय ते बघायचं. इथे आल्यावर टायटल कंपनीत, म्हणजे घराची मालकी (टायटल) तपासणाऱ्या कंपनीत, तेच काम मिळालं, फक्त दस्त कुक काउंटीचे, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं तिथले. त्यामुळे मी सांगणार ते कागदाच्या बाजूने सांगणार, समाजशास्त्र हा माझा विषय नाही.

माझ्या मते "हट्ट का केला" हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. ज्या कुटुंबाच्या हातात पैसे होते त्याला विकत घ्यायला कुठली घरं उघडी होती, काय भावाने आणि कुठल्या कागदावर, हे आधी विचारायला हवं. ते कळलं की घरं नीट का ठेवली गेली नाहीत तेही कळतं. एक मात्र आधीच सांगते, मी शिकागोचं सांगतेय. डेट्रॉइट, सेंट लुइस, न्यूयॉर्क इथे तपशील वेगळे होते, आणि शिकागोतही कुठलं साल, कुठली गल्ली, विकणारा कोण यावर बरंच ठरायचं. सगळी ब्लॅक कुटुंबं अडकली आणि सगळे विकणारे लबाड होते असं मी म्हणत नाहीये.

आता जागेचं बघू. १९१० मध्ये शिकागोत ब्लॅक लोक होते साधारण ४४ हजार. दक्षिणेकडची कापसाची शेतं, तिथला जाच आणि झुंडीच्या फाशा सोडून लोक रेल्वेने उत्तरेला यायला लागले, कत्तलखान्यांत, स्टीलच्या कारखान्यांत, रेल्वेत कामं मिळत होती, आणि १९५० पर्यंत हा आकडा गेला ४ लाख ९२ हजारांवर. माणसं अकरा पट झाली पण त्यांना राहायला दिलेली जागा काही त्या मानाने वाढली नाही, साउथ साइडचा एक लांबट पट्टा, ज्याला ब्लॅक बेल्ट म्हणायचे. तिथल्या इमारतींमधले मोठे फ्लॅट लाकडी पार्टिशनं घालून एकेका खोलीचे केले, त्याला किचनेट म्हणायचे, एका खोलीत एक कुटुंब, कोपऱ्यात शेगडी, आणि अख्ख्या मजल्याला मिळून एक संडास-बाथरूम. आणि हे स्वस्त नव्हतं बरं का. जायला दुसरी जागाच नाही म्हटल्यावर मालक मागेल ते भाडं द्यावं लागायचं. म्हणजे "आपल्या वस्तीत का नाही घेतलं" याचं पहिलं उत्तर हे की त्या वस्तीत घ्यायला शिल्लक फारसं नव्हतंच, होतं ते खच्चून भरलेलं होतं.

मग पट्ट्याबाहेर का नाही जाता आलं? १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुठल्या वंशाचे लोक कुठल्या गल्लीत राहतील असा कायदा नगरपालिकेला करता येणार नाही. चांगला निकाल. पण मग लोकांनी तेच काम खाजगी कराराने केलं. एका भागातले घरमालक एकत्र सह्या करायचे की आम्ही आपली जागा ब्लॅक माणसाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही, राहू देणार नाही, आणि तो करार रेकॉर्डर ऑफ डीड्सकडे, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयात, नोंदवायचे. १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा करारांना हात लावायला नकार दिला आणि पुढच्याच वर्षी शिकागोच्या रियल इस्टेट बोर्डाकडे अशा कराराचा छापील नमुना तयार होता, नावं आणि प्लॉट नंबर भरायचे की झालं. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेतच लिहिलं की ज्या वंशाच्या लोकांमुळे भाव पडतील अशांना एजंटाने वस्तीत आणू नये. म्हणजे एखाद्या एजंटाला घर दाखवावंसं वाटलं तरी त्याच्या धंद्याच्या नियमाने ते गैर होतं.

हे करार मी कामात वाचलेत. शंभर वर्षं जुन्या इमारतीची मालकीची साखळी मागे नेली की मध्येच समोर येतात. त्यात ब्लॅक कोणाला म्हणायचं याची व्याख्या असते, एक अष्टमांश किंवा जास्त निग्रो रक्त असलेला माणूस, हा त्यांचाच शब्द. आणि त्यात एक अपवाद असतो: जॅनिटर, शोफर किंवा घरकामाचा नोकर असेल तर तळघरात किंवा मागच्या गॅरेजमध्ये राहिला तर चालेल. हा अपवाद मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला राग येतो, अजूनही येतो, कारण शेजारी माणूस असायला त्यांची हरकत नव्हती हे त्यात सरळ लिहिलंय. तो घराचा मालक व्हायला नको होता.

तुम्ही जे वाचलंत ते बहुतेक हॅन्सबेरी कुटुंबाचं. कार्ल हॅन्सबेरी मिसिसिपीतून आलेले, स्वतः रियल इस्टेटमध्येच, पैसे बाळगून असलेले गृहस्थ. १९३७ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन पार्क भागात ६१४० साउथ ऱ्होड्स अॅव्हेन्यूवरची विटांची इमारत घेतली. त्यांना कर्ज दिलं सुप्रीम लिबर्टी लाइफ या ब्लॅक मालकीच्या विमा कंपनीने. घरात राहायला गेल्यावर बाहेर जमाव जमला, खिडकीतून फेकलेला दगड धाकट्या मुलीला लागता लागता राहिला, तेव्हा ती जेमतेम सात-आठ वर्षांची होती. वडील वकिलांबरोबर कोर्टाच्या कामाला बाहेरगावी, आणि घरात आई, नॅनी हॅन्सबेरी, रात्रभर भरलेलं पिस्तूल हातात घेऊन पहारा देत. चार मुलं आत झोपलेली. ती धाकटी मुलगी पुढे मोठी नाटककार झाली आणि हा अनुभव तिने रंगमंचावर आणला, म्हणून आज जगाला ही गोष्ट माहीत आहे.

पण कोर्टात काय झालं ते लोक अर्धवट सांगतात आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. १९२८ च्या त्या करारात अट अशी होती की भागातल्या ९५ टक्के फ्रंटेजच्या (म्हणजे प्लॉटची रस्त्याकडची लांबी) मालकांनी सह्या केल्या तरच तो लागू होईल. प्रत्यक्षात सह्या होत्या साधारण ५४ टक्क्यांच्या. म्हणजे करार मुळात लागूच झालेला नव्हता! पण त्याआधीच्या एका वेगळ्या खटल्यात दोन्ही बाजूंनी "९५ टक्के सह्या आहेत" असं आपसात मान्य करून टाकलं होतं, आणि इलिनॉयची कोर्टं म्हणाली की आता तो मुद्दा बंद झाला, तो हॅन्सबेरींनाही बांधील. ज्या खटल्यात हे कुटुंब कुठेच नव्हतं त्यात मान्य केलेल्या खोट्या आकड्यावर त्यांना घराबाहेर काढायचा हुकूम झाला. अर्ल डिकरसन हे त्यांचे वकील प्रकरण वर घेऊन गेले आणि १२ नोव्हेंबर १९४० ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. कोर्टाने इतकंच म्हटलं की ज्या दाव्यात तुमची बाजू मांडणारं कोणी नव्हतं तो तुम्हाला बांधील नाही. असे करार मुळात चालतात की नाही याला त्यांनी हातच लावला नाही. तेवढा एक भाग खुला झाला आणि बाकी शहर जसंच्या तसं. कार्ल हॅन्सबेरी शेवटी इतके वैतागले की कुटुंबाला मेक्सिकोत हलवायचं ठरवलं, आणि तिथेच १९४६ मध्ये वारले. जिंकलेल्या माणसाची ही अवस्था, हे "हट्ट" म्हणताना लक्षात ठेवा.

मूळ प्रश्नाला कोर्टाने हात घातला १९४८ मध्ये, सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात. करार तुम्ही आपसात करा, पण त्याची अंमलबजावणी कोर्ट करणार नाही, असा निकाल झाला. कागदाची ताकद गेली. मग काय आलं? १९५१ च्या जुलैत हार्वी क्लार्क नावाचे बसचालक, दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक, कॉलेज शिकलेले, शिकागोला लागूनच असलेल्या सिसरोत बायको आणि दोन मुलांना घेऊन भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायला निघाले. काही हजारांचा जमाव जमला, त्यांचं सामान खिडकीतून खाली टाकून जाळलं, मुलीसाठी घेतलेला पियानो फोडला, शेवटी गव्हर्नरना नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, बोलवावं लागलं. आणि नंतर ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) आधी आरोप ठेवले कोणावर, तर फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मालकिणीवर, एजंटावर आणि क्लार्कना मदत करणाऱ्या वकिलावर, भाव पाडायचा कट केला म्हणून. पुढे ते आरोप टिकले नाहीत, पण त्या कुटुंबाला सिसरोत राहता आलं नाही ते नाहीच. शिकलं की सगळं सुटतं असं आपण मुलांना सांगतो. आपल्याला हे नवीन नसायला हवं, कोलंबियात शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आलेल्या बाबासाहेबांना गावात राहायला खोली मिळाली नव्हती, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही लोक काठ्या घेऊन काढायला आले.

आता कागद आणि पैसा, इथे मी जास्त थांबणार आहे कारण तुमच्या "घरं नीट ठेवत नाहीत"चं मूळ इथे आहे. तीसच्या दशकात सरकारने घरकर्जाची व्यवस्था नव्याने बांधली. थोडे पैसे आधी, बाकी लांब मुदतीचं कर्ज, सरकारचा विमा, म्हणजे बँकेला धोका नाही. गोरा मध्यमवर्ग यावरच घरमालक झाला. पण १९३३ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा सगळ्यात चांगला, मग निळा, पिवळा आणि लाल म्हणजे धोकादायक, आणि ब्लॅक वस्ती असली की बहुतेक लालच. १९३४ मध्ये आलेल्या एफएचएने, म्हणजे घरकर्जाला विमा देणाऱ्या सरकारी संस्थेनेही, तोच हिशोब चालवला, त्यांच्या नियमावलीत वस्तीत वेगवेगळ्या वंशांचे लोक मिसळणं हा धोका म्हणून लिहिलेला होता. परिणाम असा की ब्लॅक माणसाचा पगार चांगला, नोकरी पक्की, तरी बँक त्याला साधं कर्ज द्यायची नाही.

मग घर घ्यायचं कसं? तर "कॉन्ट्रॅक्टवर". तुम्हाला साठेखत आणि खरेदीखत यातला फरक माहीत असेल. समजा तुम्ही फक्त साठेखत करून राहायला गेलात, वीस वर्षं हप्ते भरलेत, टॅक्स, विमा, दुरुस्ती सगळं तुमच्या खिशातून, पण खरेदीखत शेवटचा हप्ता भरल्यावरच होणार आणि एक हप्ता चुकला तर घर परत मालकाचं, आधी भरलेलं सगळं बुडीत. तसाच हा प्रकार. टायटल विकणाऱ्याकडे, जबाबदारी घेणाऱ्याकडे. काउंटीच्या दप्तरात त्या कुटुंबाच्या नावाने काहीच नाही, म्हणजे मी आज साखळी काढली तर ज्यांनी बारा वर्षं त्या घरात मुलं वाढवली त्यांचं नावसुद्धा मला दिसत नाही.

आणि भाव? क्लाइड रॉस यांचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. मिसिसिपीतून आलेले, लष्करात नोकरी केलेले, १९६१ मध्ये वेस्ट साइडच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये घर घेतलं २७,५०० डॉलरला. विकणाऱ्याने ते सहाच महिने आधी १२,००० ला घेतलेलं. राहायला गेल्यावर तीन महिन्यांत बॉयलर फुटला, तेव्हा कळलं की दुरुस्ती आपल्या माथी आणि घर मात्र अजून आपलं नाही. हा एखादा अपवाद नव्हता. २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी शिकागोचे जुने दस्त तपासून अहवाल काढला, त्यात पन्नास आणि साठच्या दशकांत ब्लॅक कुटुंबांनी घेतलेली ७५ ते ९५ टक्के घरं कॉन्ट्रॅक्टवर होती, मध्यस्थाने घेतलेल्या किमतीवर सरासरी ८४ टक्के चढवलेले, आणि एकूण ३ ते ४ अब्ज डॉलर या कुटुंबांकडून जास्तीचे गेले असा अंदाज आहे. ही रक्कम कुठल्याशा अमूर्त अन्यायाची नाही, ही मुलांच्या कॉलेजची फी होती, म्हातारपणाची सोय होती, पुढच्या पिढीच्या घराचं डाउन पेमेंट होतं.

हे मध्यस्थ दोन्हीकडून कमवायचे. आधी गोऱ्या घरमालकाला घाबरवायचं की ब्लॅक लोक येतायत, भाव पडणार, लवकर विका, आणि त्याच्याकडून स्वस्तात घ्यायचं, मग तेच घर दुप्पट भावाने कॉन्ट्रॅक्टवर. नॉर्थ लॉनडेल १९५० ला १३ टक्के ब्लॅक होतं, १९६० ला ९१ टक्के. दहा वर्षांत अख्खी वस्ती बदलली आणि त्यात पळून जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबांनीही मार खाल्ला, हे मान्य करायला हवं.

आतापर्यंतचं एकत्र धरा: राहायला जागा कमी, बाहेर पडलं तर आधी करार मग दगड, बँकेचं कर्ज नाही, आणि जे घर मिळतं ते जवळपास दुप्पट भावाने, हप्ता चुकला की सगळं गेलं अशा कागदावर. आता त्या घरातलं कुटुंब काय करेल? नवरा दोन नोकऱ्या करेल, बायको कामाला जाईल, वरची खोली भाड्याने देतील, त्यातही माणसं जास्त होतील, आणि छत गळलं तर पुढच्या वर्षी बघू म्हणतील कारण हप्ता आधी. बँक नसल्यामुळे दुरुस्तीला कर्जही नाही. पाच-सहा वर्षांत ती गल्ली कशी दिसेल? मग बाहेरून गाडीतून जाणारा म्हणणार, बघा, यांना घरं ठेवता येत नाहीत. घराची देखभाल मध्यस्थाच्या खिशात गेलेली असते, हे बाहेरून दिसत नाही.

आणि ही माणसं गप्प बसली नाहीत. १९६८ मध्ये लॉनडेलच्या लोकांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढली, रूथ वेल्स, क्लाइड रॉस असे शेजारी-पाजारी, बरोबर जॅक मॅकनमारा नावाचा जेझुइट या कॅथलिक पंथाचा एक तरुण आणि काही कॉलेजची मुलं. ही मुलं काउंटीच्या दप्तरात बसून शोधायची की तुमच्या घराला मध्यस्थाने किती दिले होते. मला यातलं हेच सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते माझंच काम आहे. चर्चच्या हॉलमध्ये लोक एकमेकांसमोर आपला आकडा सांगायला लागले, तोवर प्रत्येकाला वाटायचं आपणच फसलो आणि लाजेने कोणी बोलायचं नाही. मग त्यांनी हप्ते थांबवले. शेरीफ येऊन सामान रस्त्यावर काढायचा आणि तो गेला की शेजारी ते परत आत नेऊन ठेवायचे. फेडरल कोर्टातले मोठे दावे ते सत्तरच्या दशकात शेवटी हरले, पण दबावामुळे बऱ्याच जणांचे करार नव्याने झाले, किमती कमी झाल्या, काहींना बँकेचं कर्ज करून टायटल मिळालं.

"आपण दोन बॅगा घेऊन येतो" याबद्दल आता. तारखा शेजारी शेजारी ठेवा. आपल्या लोकांना मोठ्या संख्येने येता आलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि त्यातही डॉक्टर, इंजिनियर असे निवडून आले. फेअर हाउसिंग कायदा झाला ११ एप्रिल १९६८ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवड्याने. १९६६ मध्ये ते शिकागोत याच प्रश्नावर मोर्चे काढत होते आणि मार्केट (Marquette) पार्कमध्ये त्यांना दगड लागला होता. म्हणजे आपल्यातले बहुतेक जण उतरले तेव्हा वंशावरून घर नाकारणं बेकायदा ठरलेलं होतं, आणि तो कायदा ज्यांनी मार खाऊन आणला त्यात आपण नव्हतो. त्याआधी आलेल्या आपल्या लोकांचं काय झालं तेही बघा. पेशावरचे वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये कुटुंबासह कॅलिफोर्नियात आले, पैसेवाले होते, बर्कलीत घर घेतलं, सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं ठोकलेली. मुलांची काळजी वाटून पत्नी कला बगाई यांनी तिथे राहायला नकार दिला आणि ते परत फिरले. पुढे नागरिकत्वही काढून घेतलं गेलं, आणि १९२८ मध्ये वैष्णोदासांनी जीव दिला. बर्कलीत आता कला बगाईंच्या नावाचा रस्ता आहे. मेहनत आपण करतो हे खरंच, मी स्वतः केलीय, पण दार उघडलं गेल्यानंतर आत शिरणं आणि बंद दारावर पिढ्यान् पिढ्या धडका देणं यांची तुलना करताना मी तरी जपून बोलेन.

आता तुमच्या घराबद्दल. कुठे घ्यायचं ते मी सांगणार नाही, ते तुमचं बजेट, ऑफिस, शाळा, किती वर्षं राहणार यावर आहे. एवढंच सांगते की वंशावरून "तिकडे बघू नका, तुमच्यासाठी इकडे बरं" असं एजंटाने ढकलणं याला इथे स्टीअरिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे, तो ते तुमच्या भल्याचं म्हणून सांगत असला तरी. शाळांचे निकाल, प्रॉपर्टी टॅक्स, गुन्ह्यांचे आकडे, सगळं सार्वजनिक आहे, ते स्वतः काढा आणि एजंटाला सांगा की बजेटात बसणारी सगळी घरं दाखव. लेखी सांगा, ईमेलवर. तुम्हालाच कुठे डावललं जातंय असं वाटलं तर हाउसिंग खात्याकडे म्हणजे हडकडे तक्रारीला घटनेपासून एक वर्ष असतं आणि कोर्टात जायला दोन वर्षं, तेव्हा तारखा आणि मेसेज जपून ठेवा. साउथ साइडही एकसारखी नाही. चॅटम, हाइड पार्क, ब्रॉन्झव्हिल प्रत्यक्ष फिरून या, दिवसा आणि संध्याकाळी, आणि तिथल्या घरमालकांशी बोला.

आणि घर पसंत पडलं की टायटल कमिटमेंट येईल, म्हणजे मालकी तपासून टायटल कंपनीने दिलेला कागद, बहुतेक लोक ते उघडतही नाहीत. त्यातलं शेड्यूल बी, म्हणजे घरावरच्या अटी आणि बोजांची यादी, वाचा. तिथे जुन्या कॉव्हेनंटचा, म्हणजे जागेवर अटी घालणाऱ्या कराराचा, दस्त नंबर दिसला तर टायटल कंपनीकडे मूळ दस्ताची प्रत मागा, आम्ही देतो. त्यात वंशाची अट निघाली तर ती आज शून्य आहे, तुमच्या व्यवहाराला काही होत नाही, पण इलिनॉयमध्ये २०२२ पासून घरमालकाला ती अट रेकॉर्डवरून रद्द करून घेता येते, रेकॉर्डरकडे एक अर्ज नोंदवावा लागतो. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, दिवशी गडबड असते, तेव्हा हे आधीच वकिलांना सांगून ठेवा. प्रत हातात आल्यावर भाषा कळली नाही तर इथेच विचारा, नाव आणि प्लॉट नंबर झाकून टाका, मी वाचून सांगेन.